अभ्यासिकेचे लिनक्स, नोंद सातवी : चार डिस्ट्रो बदलले, दोष अँटेनाचा निघाला

गावच्या अभ्यासिकेतील जुन्या यंत्रांवर लिनक्स बसवण्याच्या कामाची ही सातवी नोंद. गेल्या नोंदीच्या शेवटी मी लिहिले होते, की जिनिंगच्या कार्यालयातून आलेल्या चौथ्या क्रमांकाच्या लॅपटॉपवर एकदा फेडोरा हा डिस्ट्रो, म्हणजे लिनक्सचा एक तयार संच, टाकून पाहतो आणि त्यानेही वायफाय सुधारले नाही, तर ते यंत्र सुट्या भागांसाठी बाजूला ठेवतो. तो निर्णय मी आता मागे घेत आहे. शुक्रवारी रात्री याच लॅपटॉपने अभ्यासिकेच्या सगळ्यात मागच्या बाकावर, राउटरपासून मातीच्या दोन भिंतींपलीकडे, उणे ५३ डीबीएमचा सिग्नल पकडला (हा आकडा शून्याच्या जितका जवळ तितका सिग्नल जोरदार). गेले पाच आठवडे त्याच जागी तो उणे ८४ च्या वर कधी गेला नव्हता. दोष कोणत्याही डिस्ट्रोचा नव्हता, आणि हे कळेपर्यंत मी चार डिस्ट्रो टाकून पुसले होते. कोणाच्या हाती असेच यंत्र आले तर त्याचे पाच आठवडे वाचावेत, म्हणून ही हकीकत क्रमाने लिहितो.

यंत्रातील भागांची यादी दाखवणाऱ्या एलएसपीसीआय या आज्ञेत या लॅपटॉपची वायफाय चिप ‘आरटीएल ८७२३ बीई’ अशी दिसते. राउटरच्या टेबलावर ठेवल्यास अधूनमधूनचा खंड सोडला तर नेट उत्तम चालते, दारापर्यंत नेल्यास रेषा एकेक करून गळतात, आणि ओसरी ओलांडली की नेटवर्कची यादीच जवळजवळ रिकामी होते. त्याच बाकावर माझा मोबाइल मात्र व्यवस्थित चालत होता, त्यामुळे राउटरवर संशय घेण्यास जागा नव्हती. लॅपटॉपवर तेव्हा मिंट २२ ची एक्सएफसीई (हलक्या डेस्कटॉपची) आवृत्ती होती आणि तिचा कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, ६.८ होता. नव्या कर्नलमध्ये वायफाय चिप चालवणारा ड्रायव्हर बिघडला असावा, असे धरून मी एमएक्स २३ टाकले, कारण त्याखाली डेबियन १२ आणि ६.१ चा जुना, मुरलेला कर्नल आहे. फरक पडला नाही. मग उलट विचार केला, की दुरुस्ती नव्या कर्नलमध्ये झाली असेल, आणि ६.१२ च्या कर्नलसाठी डेबियन १३ टाकले. फरक पडला नाही. शेवटी त्याहूनही नव्या कर्नलसाठी फेडोरा टाकला, आणि मागच्या बाकावर आकडा पुन्हा तोच आला, उणे ८४. दर वेळी दोन-अडीच जीबीची आयएसओ, म्हणजे डिस्ट्रो बसवण्याची फाइल, आणि आमच्याकडे ती मोबाइलच्या रोजच्या दोन जीबीतून उतरवायची म्हणजे दोन दिवस जातात. व्हेंटॉय या साधनामुळे एकाच पेनड्राइव्हवर चारही आयएसओ राहिल्या, एवढाच दिलासा होता. इतक्या वर्षांत माझ्या हाती आलेल्या साधनांत व्हेंटॉयइतके उपयोगी दुसरे कोणतेही नाही, हे येथे कृतज्ञतेने नोंदवतो.

मधल्या काळात मी एका चुकीच्या वाटेवरही बराच गेलो. या ड्रायव्हरला वीजबचतीचे दोन पर्याय आहेत, ‘आयपीएस’ आणि ‘एफडब्ल्यूएलपीएस’. ते दोन्ही शून्य केले की जोडणी वारंवार तुटण्याचा त्रास थांबतो, असे बऱ्याच जणांचे सांगणे असते, आणि ते खरेही आहे, कारण राउटरजवळ बसल्यावर दर दहा मिनिटांनी होणारा खंड त्याने खरोखर थांबला. त्या यशाने मात्र माझा गैरसमज वाढला. जोडणी तुटणे आणि सिग्नल मुळातच क्षीण असणे ही दोन वेगळी दुखणी आहेत, आणि मी पहिल्याचे औषध दुसऱ्याला देत राहिलो. मागच्या बाकावरून आकडा रोज मोजण्याऐवजी बहुतेक दिवस मी ‘चालते की नाही’ एवढेच पाहत होतो. रोज एकाच जागी बसून सिग्नल मोजला असता, तर पहिल्याच आठवड्यात हे लक्षात आले असते.

उलगडा झाला तो पंखा साफ करताना. लॅपटॉप तापतो म्हणून गुरुवारी तो खाली एक जुने धोतर अंथरून उघडला. जिनिंगच्या कार्यालयात कित्येक वर्षे चाललेले यंत्र ते, पंख्याच्या जाळीवर कापसाच्या तंतूंचा असा दाट थर बसला होता, की चिमट्याने धरल्यावर तो पेळूसारखा एका ओढीत अख्खा बाहेर आला. तो काढून प्रोसेसरवरचा थर्मल पेस्ट बदलल्यावर तापमान जवळजवळ वीस अंशांनी उतरले, आणि तेवढ्यावरच मी समाधान मानून झाकण लावणार होतो. तेवढ्यात वायफायच्या छोट्या कार्डाकडे लक्ष गेले. कार्डावर अँटेनाची वायर लावण्यासाठी दोन पितळी टिकल्या होत्या, तुरीच्या डाळीच्या अर्ध्या दाण्याएवढ्या. वायर मात्र एकच होती, काळी, केसाहून थोडी जाड, आणि ती एकाच टिकलीवर बसवलेली होती. दुसरी टिकली स्वच्छ चमकत होती, म्हणजे तेथे कधीच काही लावलेले नव्हते.

लॅपटॉप बनवणाऱ्या कंपनीने दोन अँटेनांच्या जागी एकच दिली होती, आणि ड्रायव्हर ज्या टिकलीकडून सिग्नलची अपेक्षा करत होता ती नेमकी रिकामी होती. जवळून येणारा जोरदार सिग्नल रिकाम्या टिकलीतूनही थोडाफार झिरपतो, म्हणून राउटरच्या टेबलावर सर्व आलबेल वाटे. यावर दोन उपाय आहेत. वायर उचलून दुसऱ्या टिकलीवर बसवणे हा एक, पण ती टिकली फार नाजूक असते आणि वायरचे टोक दोन-चारदा काढघाल केल्यावर सैल होते. दुसरा उपाय ड्रायव्हरमध्येच आहे, ‘अँट-सेल’ नावाचा पर्याय, मधे अंडरस्कोअर असलेला. त्याची किंमत मुळात शून्य असते, ती १ किंवा २ करून कोणती अँटेना वापरायची हे आपण सांगू शकतो. मॉडप्रोब या आज्ञेने ड्रायव्हर काढून किंमत १ देऊन पुन्हा चढवला, आकडा जागचा हलला नाही. किंमत २ देऊन चढवला, आणि जी नेटवर्कची यादी जवळजवळ रिकामी असायची तिच्यात शेजारच्या घराचे, ग्रामपंचायतीचे आणि बसथांब्याजवळच्या दुकानाचेही नाव उमटले. मागच्या बाकावर पोलीस भरतीचा अभ्यास करत बसलेला माझा पुतण्या त्याच क्षणी ओरडला, “काकाजी, इथंही नेट येऊन राहिलं!” तो आवाज मी बराच काळ विसरणार नाही.

आनंद एक रात्र टिकला. शनिवारी सकाळी लॅपटॉप सुरू केला, तर सिग्नल पुन्हा उणे ८४. आदल्या रात्री मी ड्रायव्हरचे पर्याय ठेवायच्या मॉडप्रोब-डॉट-डी या फोल्डरमध्ये कायमस्वरूपी फाइल करून ठेवली होती, तरीही. तासभर फाइलचे नाव, परवानग्या, यंत्र सुरू होताना वाचला जाणारा इनिट-रॅमएफएस हे सगळे तपासले. शेवटी ड्रायव्हर हाताने चढवताना टर्मिनलवर एक इशारा दिसला, की पहिली ओळ चुकीची असल्याने ती सोडून दिली आहे. ओळीच्या सुरुवातीला ‘ऑप्शन्स’ असा शब्द हवा, मी ‘ऑप्शन’ लिहिला होता. एक शेवटचे अक्षर राहिले होते. यंत्र सुरू होताना हा इशारा येऊन जातो, पण पडद्यावर तो कोणाला दिसत नाही. अक्षर जोडले, यंत्र तीनदा बंद-चालू केले, तिन्ही वेळा उणे ५३ ते ५५ च्या आत आकडा राहिला. आता हे काम मी पूर्ण झाले असे मानतो.

यातून डिस्ट्रो निवडण्याविषयीचे माझे मत बदलले. वायफाय, आवाज, झोपेतून यंत्र न उठणे, अशा तक्रारींत आपण डिस्ट्रो बदलतो, पण चारही डिस्ट्रोंच्या खाली ड्रायव्हर तोच असतो, कर्नलसोबत आलेला. फर्मवेअर, म्हणजे चिपमध्ये चढवायची छोटी आज्ञावली, सोबत आहे की नाही एवढा फरक पडू शकतो, आणि तोही आता पूर्वीइतका राहिलेला नाही. डेबियनच्या अधिकृत इन्स्टॉलरमध्ये मुक्त नसलेले फर्मवेअर घालावे, असा कौल त्यांच्या सदस्यांनी २०२२ मध्ये दिला आणि जून २०२३ मध्ये आलेल्या डेबियन १२ पासून ते आहे. त्याआधी नवशिक्याला डेबियन सुचवताना मला संकोच वाटे, कारण वायफाय सुरू करण्यासाठी लागणारी फाइल आणायलाच वायफाय लागे. आता तो अडसर गेला. म्हणून डिस्ट्रो निवडताना मी तीनच प्रश्न विचारतो. यंत्रासमोर कोण बसणार आहे, आधार किती वर्षे मिळणार आहे, आणि अपडेटला किती डेटा लागणार आहे. आमच्यासारख्या गावात तिसरा प्रश्न पहिला होतो. फेडोराची प्रत्येक आवृत्ती साधारण तेरा महिने चालते आणि तोपर्यंत पुढच्या आवृत्तीवर जावे लागते. आर्च हा डिस्ट्रो तर सतत बदलत राहणारा आहे. शहरात, चांगल्या नेटवर, शिकण्याची हौस असलेल्याला मी दोन्ही आनंदाने सुचवीन. पण कापसाच्या वेचणीच्या दिवसांत यंत्रांकडे पाहायला मला महिना महिना वेळ मिळत नाही, आणि महिन्याभराने आर्च अपडेट करणे म्हणजे काय ते ज्यांनी केले आहे त्यांना सांगण्याची गरज नाही.

आतापर्यंतचा माझा बेत असा होता, की प्रत्येक यंत्राला त्याच्या प्रकृतीप्रमाणे डिस्ट्रो द्यावा. नव्याने शिकणाऱ्यांच्या दोन लॅपटॉपवर मिंट, दोन जीबीच्या डेस्कटॉपवर एमएक्स, ग्रंथालयाच्या नोंदीच्या आय-३ प्रोसेसरच्या यंत्रावर डेबियन. ही नोंद लिहिता लिहिताच मला वाटू लागले आहे, की हा बेत चुकीचा आहे. आय-३ च्या यंत्रावर आप्ट-कॅशर-एनजी बसवले, तर एका यंत्राने एकदा उतरवलेले पॅकेज (सॉफ्टवेअरचा गठ्ठा) बाकीची यंत्रे त्याच्याकडून, पोर्ट ३१४२ वरून, घरातल्या घरात घेतील. पण त्याचा खरा फायदा तेव्हाच, जेव्हा सगळ्यांची पॅकेजे एकच असतील. मिंट २२ उबंटू २४.०४ वर उभा आहे, एमएक्स २३ डेबियन १२ वर, आणि आय-३ वर डेबियन १३. म्हणजे पॅकेजांची तीन वेगळी गोदामे, आणि बचत जवळजवळ शून्य. त्यामुळे ६४-बिटच्या प्रोसेसरची सर्व यंत्रे डेबियन १३ च्या घराण्यात आणायची, असे ठरवत आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या या आवृत्तीला एकूण पाच वर्षांचा आधार आहे. नवशिक्यांच्या दोन लॅपटॉपवर एलएमडीई ७, म्हणजे मिंटची डेबियनवरची आवृत्ती, टाकीन, कारण तो डेबियन १३ वरच उभा आहे, चेहरा मिंटचा आहे आणि बहुतांश पॅकेजे आय-३ वरच्या साठ्यातूनच येतील. त्यात सिनॅमन हा एकच डेस्कटॉप मिळतो. तो माझ्या चार जीबीच्या यंत्रावर सुरू होताच एक जीबीच्या वर मेमरी घेतो, एक्सएफसीई सहाशे-साडेसहाशे एमबीत भागवतो, तरी नव्या मुलाला सिनॅमन लवकर कळतो आणि झी-रॅम (मेमरी दाबून बसवण्याची सोय) चालू केल्यावर ब्राउझरचे चार-पाच टॅब निभतात. मराठीसाठी कळफलकाच्या यादीतून इनस्क्रिप्ट निवडायचे एवढेच काम उरते.

पंचाईत एका नेटबुकची आहे. त्यात २००८ चा ॲटम एन २७० प्रोसेसर आहे, शुद्ध ३२-बिटचा, आणि डेबियन १३ मध्ये त्यासाठी ना इन्स्टॉलर आहे ना कर्नल. त्याला डेबियन १२ वरच ठेवावे लागेल, ज्याचा दीर्घकालीन आधार जून २०२८ पर्यंत आहे. फायरफॉक्सनेही १४४ व्या आवृत्तीनंतर ३२-बिट लिनक्ससाठी नवी आवृत्ती देणे थांबवले आहे, म्हणून त्यावर ब्राउझर चालवण्याचा हट्ट मी सोडला. डेबियन १२ वरच उभा असलेला हलका अँटिएक्स २३ त्यावर दोनशे एमबीच्या आसपास सुरू होतो, आणि लहान मुलांच्या टायपिंगच्या सरावाला ते यंत्र अजून उत्तम आहे. त्याचा छोटा कळफलक मुलांच्या बोटांना मोठ्यापेक्षा बरा बसतो, हे मी स्वतः पाहिले आहे.

साहित्याबद्दल दोन शब्द. मेमरी घेताना डीडीआर-३ आणि डीडीआर-३-एल यांतील फरक दुकानदाराला विचारूनच घ्यावा. दुसरी १.३५ व्होल्टवर चालते आणि या वयाच्या बऱ्याच लॅपटॉपना तीच लागते. मला जिल्ह्याच्या ठिकाणी एकाने पहिली दिली आणि दोन फेऱ्यांचे एसटीचे भाडे गेले. जुने सुटे भाग मी आता नागपूरला सीताबर्डीतच, समोर यंत्रात लावून, मेमरी तपासणाऱ्या मेमटेस्टची एक फेरी पूर्ण झाल्यावरच घेतो. वायफायसाठी साडेतीनशे रुपयांचा यूएसबी डोंगल घेण्याचा विचार मी जवळजवळ पक्का केला होता, ते पैसे आता एका एसएसडीकडे वळवीन.

एक गोष्ट तुमच्यापैकी कोणी केली असल्यास जाणून घ्यायची आहे. आय-३ चे यंत्र बंद असले की बाकीच्या यंत्रांचे आप्ट, म्हणजे पॅकेजे आणणारे साधन, अडते, आणि आमच्याकडे भारनियमनाच्या वेळी इन्व्हर्टरवर फक्त लॅपटॉप आणि राउटर राहतात. ऑटो-आप्ट-प्रॉक्सी नावाचे एक पॅकेज, आय-३ वरचा साठा सापडला तर त्यातून आणि न सापडल्यास थेट नेटवरून, बाकीची पॅकेजे आणते. ते वर्षभर विनातक्रार चालवले आहे अशा कोणी आपला अनुभव लिहावा. येत्या रविवारी तुरीला पाणी देऊन झाले की मी ते पहिल्या दोन लॅपटॉपवर बसवणार आहे, आणि एका आठवड्यात किती एमबी वाचले तो आकडा पुढच्या नोंदीत देईन.