सहा वर्षं फोर्कलिफ्ट चालवली, तरी परत टेस्ट! माझा अनुभव

नोकरी बदलताना वाटलेलं फोर्कलिफ्ट ऑपरेटरचं कार्ड दाखवलं की झालं काम. नवीन ठिकाणच्या सेफ्टीवाल्या मॅडमनी कार्ड उलटसुलट करून बघितलं आणि विचारलं, "यावर गाडी कुठली ते कुठंय?" खरंच नव्हतं. लॅमिनेशन सुटलेलं, तारीख पुसट, ट्रेनिंग कोणी दिलं टेस्ट कोणी घेतली काहीच नाही.

मग जुन्या कंपनीच्या मागे लागलो. एचआरने एक्सपिरियन्स लेटर दिलं, त्यात "ऑपरेटर म्हणून काम केले" एवढंच, आता ऑपरेटर कशाचा, लिफ्टचा का? परत मेल, परत फोन, साहेब मीटिंगमध्ये. शेवटी स्टोअरचा जुना सुपरवायझर कामी आला, त्याने फाईल उपसून माझी प्रॅक्टिकलची चेकलिस्ट काढली, त्यावर नाव, तारखा, ट्रेनरची सही, काउंटरबॅलन्स (मागे जड वजन असलेली नेहमीची फोर्कलिफ्ट) २.५ टन, सगळं होतं. नो ड्यूजवर सह्या घेत फिरत होतो तेव्हाच मागितली असती तर... पण तेव्हा कोणाच्या डोक्यात येतं.

एवढं करूनही टेस्ट द्यावीच लागली. राग आला, पण मॅडम म्हणाल्या की तुम्ही शिकलायत हे कागदावरून कळतं, इथली गाडी, इथले रॅक, इथला रॅम्प जमतो का ते कसं कळणार? यावर काय बोलणार. अमेरिकेत तर ओशाच्या (तिथली कामगार सुरक्षेची सरकारी संस्था) नियमाने ऑपरेटरची निदान दर ३ वर्षांनी परत तपासणी करावीच लागते म्हणे.

टेस्टला ट्रेनरने आधी कपॅसिटी प्लेट वाचायला लावली. २५०० किलो, लोड सेंटर (फोर्कच्या मुळापासून वजनाच्या मध्यापर्यंतचं अंतर) ५०० मिमी. मग विचारलं, १२०० मिमी लांबीचं पॅलेट, फोर्क लांबीच्या दिशेने आत घालून उचललं तर किती उचलशील? मी ठोकून दिलं २५०० च. चूक! वजनाचा मध्य ६०० वर जातो, मग तेवढं झेपत नाही, मागची चाकं हलकी होतात. सहा वर्षं ती प्लेट डोळ्यासमोर होती, कधी धड वाचली नव्हती. लाज वाटली खरं सांगायचं तर. बाकी फोर्क जमिनीपासून वीतभरच वर ठेवणं, कोपऱ्यावर हॉर्न, लोड घेऊन रॅम्प उतरताना रिव्हर्स, हे हातात बसलेलंच होतं.

पास झालो, पण फक्त काउंटरबॅलन्ससाठी. रीच ट्रकचं (अरुंद गल्लीत उंच रॅकवर माल ठेवायची गाडी) ट्रेनिंग वेगळं लावलंय, त्यात आडवं बसून चालवायचं, दोनच दिवसांत मान आखडलीय. आणि हो, यावेळी चेकलिस्टवर सही झाल्या झाल्या मोबाईलमध्ये फोटो काढून ठेवला, मागची बाजू पण.