बिऱ्हाडाची नोंदवही, भाग 14 : पुढची चाकं भट्टी, मागची थंडगार

सापडलं! साडेतीन महिने, दोन मेकॅनिक, एक फुकट गेलेला मास्टर सिलिंडर आणि घरात किमान चार भांडणं झाल्यावर बिऱ्हाडाच्या (म्हणजे आमच्या घर केलेल्या मिनीबसच्या) ब्रेकचं दुखणं एकदाचं सापडलं. मूळ माझ्याच हातचं निघालं, त्यामुळे मिरवायचं किती आणि लपवायचं किती, हा प्रश्नच आहे.

नोव्हेंबरातलं मेटतळ्याखालचं वळण जुन्या मंडळींना आठवत असेल. महाबळेश्वरहून आंबेनळी घाटाने पोलादपूरकडे उतरत होतो आणि पेडल एकाएकी मऊ पडलं, भिजवलेल्या कणकेत पाय घातल्यासारखं. दुसरा गिअर, हँडब्रेक आणि कठड्यालगतची मुरमाची पट्टी यांनी तारलं. पाऊण तास तिथेच बसलो, चहा केला, आणि पेडल जसं गेलं तसं आपसूक परत आलं.

गार झाल्यावर परत आलं म्हणजे ब्रेक ऑइल उकळलं होतं. हे तेव्हाच उमगायला हवं होतं. ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषत राहतं. डॉट 3 (ही ऑइलची प्रत) ताजं असताना किमान 205 अंशांपर्यंत तग धरतं, ओल धरलेलं असेल तर 140 च्या पुढे भरवसा नाही. एकदा बुडबुडे झाले की पाय बुडबुडे दाबत बसतो, चाकापर्यंत काही पोचत नाही. पण मेकॅनिक म्हणाला, "ताई, मास्टर सिलिंडर गेलाय," (पेडल दाबलं की ऑइल चाकांकडे ढकलतो तो) आणि मी मान डोलावली. नवा सिलिंडर बसला, ऑइल मात्र अर्धं जुनंच राहिलं. जुना सिलिंडर आता माळ्यावर आहे, ठणठणीत.

मग मीच हट्टाने सगळं ऑइल बदलून घेतलं. डॉट 4 भरलं (ताजं 230, ओलं 155), चारही चाकांची एअर काढली. इथे एक चीड नोंदवते. पहिली बाटली ज्या दुकानातून आणली, तिथल्या गृहस्थांनी सील आधीच फोडलेली बाटली मला देऊन वर ऐकवलं, "काही होत नाही ओ." होतं. ती मी परत केली. ब्रेक ऑइलची सगळी मदार त्या सीलवर असते. लिटरची बाटली स्वस्त पडते म्हणून घेऊन वर्षभर कपाटात ठेवणाऱ्यांनाही हेच सांगणं आहे: लहान बाटल्या घ्या.

जानेवारीत पुन्हा तोच घाट, आणि पुन्हा फजिती. पण या वेळी दुखणं वेगळं होतं. पेडल दगडासारखं घट्ट, पाय ठेवला की वर थांबतंय, आणि गाडी मात्र ढिम्म! वेग कमी व्हायचं नाव नाही. शिवाय तो जळका वास, कढईत मोहरी करपल्यासारखा. हे ऑइलचं काम नव्हे. ब्रेकचे पॅड इतके तापले होते की चाकाच्या डिस्कला धरेनात. म्हणजे ऑइल बदलून मी फक्त तक्रार बदलली होती, रोग तसाच होता. पुढच्या चाकांवर कल्पनेबाहेर उष्णता साचत होती.

तशी उष्णता होणारच. महाबळेश्वर समुद्रसपाटीपासून सुमारे 1,350 मीटर, पोलादपूर जवळपास पायथ्याला, मध्ये चाळीसेक किलोमीटर. वजनकाट्यावर बिऱ्हाड भरलं 3,980 किलो (पुढे 1,540, मागे 2,440; छापील मर्यादेत आहे, ओरडू नका). एवढं वजन 1,300 मीटर खाली आणायचं तर साधारण किलोभर स्वयंपाकाचा गॅस जाळल्याएवढी उष्णता कुठे ना कुठे सोडावी लागते. थोडी हवा खाते, थोडी टायर, बरीचशी इंजिन खाऊ शकतं, जर गिअर खालचा असेल तर. राहिलेली सगळी ब्रेकच्या माथी. एसटीचे जुने ड्रायव्हर म्हणतात तेच खरं: ज्या गिअरात चढशील त्याच गिअरात उतर. मी ते पाळत होते. दुसरा गिअर, पंचविसाच्या आसपास वेग, पेडलवर पाय ठेवून न बसता तीन-चार सेकंद नीट दाबून सोडून देणं, सगळं शिस्तीत. तरी ही गत.

इथे माझी आवडती खरेदी: इन्फ्रारेड तापमापक गन. कोविडात कपाळाला लावायचे ती नव्हे, ती चाळिशीच्या पुढे फार जात नाही. वर्कशॉपची घ्या, 500 अंशांच्या वरची. आणि चकचकीत डिस्कवर थेट धरू नका, चकाकत्या धातूवर ती खोटं बोलते, तापमान कमी दाखवते. मी डिस्कच्या कडेला हीट-पेंटचा काळा ठिपका दिला आणि मागच्या ड्रमला गंज आहेच, तो आयता चालला.

तर जानेवारीअखेर तिसरी फेरी, फक्त कुंभरोशीपर्यंत, आणि उतरल्या उतरल्या गन. पुढचं डावं 328. पुढचं उजवं 319. मागचं डावं 84. मला वाटलं गन बिघडली. मागचं उजवं 79. हात लावून पाहिला. चटका बसला, पण बोट क्षणभर टेकवता आलं. अख्खा घाट आम्ही दोन चाकांच्या ब्रेकवर उतरलो होतो. मागची दोन चाकं प्रवासी म्हणून बसली होती!

मागचे लायनर पाहिले, भरपूर शिल्लक. ऍडजस्टर ठीक. चाकांतले सिलिंडर गळत नव्हते. मग साताऱ्यातल्या मिस्त्रींनी (हे दुसरे, देवमाणूस) गाडीखाली आडवं होऊन एका सळईवर टिचकी मारली आणि विचारलं, "ताई, मागे पाटे (स्प्रिंगच्या पोलादी पट्ट्या) कोणी वाढवले?"

मी वाढवले. भाग 9, "पाट्यांचा अध्याय", फोटोसकट. मागची शेपूट वळणावर रस्त्याला घासायची म्हणून दोन्ही बाजूंना एकेक जादा पाटा घातला, मागची बाजू 45 मिलिमीटर उचलली गेली, आणि मी तुमच्याकडून शाबासक्या घेतल्या. पण चेसिस आणि मागचा ऍक्सल यांच्या मध्ये लोड सेन्सिंग व्हॉल्व्ह असतो. गाडी भरली की मागची बाजू दबते, सळई सरकते, व्हॉल्व्हला कळतं की वजन आहे, आणि तो मागच्या ब्रेकला जास्त दाब सोडतो. गाडी रिकामी असेल तर दाब आखडता घेतो, नाहीतर हलकी चाकं जाम होऊन घसरतील. बिचाऱ्याला वजन कळत नाही, उंची कळते. मी उंची वाढवली आणि त्याने प्रामाणिकपणे धरून चालवलं की मिनीबस रिकामी आहे. आत पलंग, फ्रिज, ओटा, बॅटऱ्या, 180 लिटर पाणी आणि कुरकुरणारे आमचे कंडक्टर (म्हणजे आमचे हे) एवढं सगळं असताना.

मिस्त्रींनी सळईचा ब्रॅकेट त्या 45 मिलिमीटरच्या हिशोबाने खाली घेतला, मग पुढे-मागे गेज लावून दाब कंपनीच्या पुस्तकाशी ताडून पाहिला. हे घरी अंदाजाने करू नका. मागे जास्त दाब गेला तर ओल्या रस्त्यावर आधी मागची चाकं जाम होतात आणि शेपूट पुढे यायला बघते. मजुरी किती? मास्टर सिलिंडरच्या पावपटसुद्धा नाही.

परवाच्या शनिवारी चौथी फेरी. तोच रस्ता, तोच गिअर, तोच वेग. कुंभरोशीला पुढे 214 आणि 209, मागे 171 आणि 168. उष्णता कुठे गेली नाही, चौघांत वाटली गेली. तसेच पुढे पोलादपूरपर्यंत उतरलो. वास नाही, पेडल जागेवर. खाली उतरून वडापाव खाल्ला, दोन. आमचे कंडक्टर घाटातल्या प्रत्येक देवळाला नाणं टाकतात (बोरघाटात शिंग्रोबाला टाकायची सवय, ती सगळीकडे चालते). या वेळी परतीच्या चढाला त्यांनी नाणी वाचवली. याहून मोठं प्रशस्तिपत्र मला नको.

घंटेचं सांगायचं राहिलं. जुन्या बाजारात एसटीची दोरीवाली घंटा मिळाली होती, ती बसवली. एक टोला थांब, दोन टोले चल. हेअरपिनवर हे खाली न उतरता मागच्या खिडकीतून बघतात आणि दोरी ओढतात. "अगं येऊ दे, येऊ दे, अगं थांब, थांब म्हणतोय ना!" हा प्रकार संपला, संसारात शांतता आली. एका आवळ वळणावर मी नाक पार बाहेरच्या कडेपर्यंत नेलं, स्टिअरिंग उशिरा कापलं, आणि एका दमात वळले. मागे न घेता. खालून एसटी येत होती. चढणाऱ्याला आधी वाट हा नियमच आहे, म्हणून मी वरच्या रुंद जागेत थांबले. ड्रायव्हरकाकांनी शेजारी येऊन खिडकीतून घंटेकडे पाहिलं आणि दोन बोटांनी सलाम ठोकला. आठवडाभर पुरेल.

आता पुढचं. ठरलेला बेत एक्झॉस्ट ब्रेकचा (इंजिनाचा धूर अडवून गाडीचा वेग आवरणाऱ्या झडपेचा) होता. चौकशी केली, किंमत ऐकून पाणी प्यायले, तरी बसवायचंच असं...

थांबा. पाणी.

वर पाट्यांबद्दल लिहिताना मी लिहिलं की शेपूट घासायची म्हणून पाटे वाढवले. शेपूट घासायची का? दबायची म्हणून. दबायची का? पाण्याची टाकी मागच्या ऍक्सलच्याही मागे आहे म्हणून. 180 लिटर म्हणजे 180 किलो, आणि ऍक्सलच्या मागे लोंबकळत असल्यामुळे तरफेसारखं पुढचं वजन उचलून तेही मागच्या चाकांवर टाकतंय. म्हणजे टाकीपायी पाटा, पाट्यापायी व्हॉल्व्ह, व्हॉल्व्हपायी ब्रॅकेट. मी औषधाच्या औषधावर औषध घेतलंय आणि त्यावर हजार शब्द लिहून बसलेय.

एक्झॉस्ट ब्रेक तूर्त रद्द. टाकी दोन ऍक्सलच्या मध्ये आणायची, शाफ्टच्या (इंजिनाची ताकद मागच्या चाकांकडे नेणाऱ्या दांड्याच्या) दोन बाजूंना दोन लहान टाक्या करून, आत आडव्या पट्ट्यांसकट. अर्धी भरलेली टाकी वळणावर कशी हिंदकळते ते मला पाठीत कळलंय. मग पुन्हा वजनकाटा. शेपूट न घासता उभी राहिली तर जादा पाटे काढायचे आणि सळई मूळ जागी. मिस्त्रींना फोन केला. ते बराच वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले, "ताई, ब्रॅकेट फेकून देऊ नका."

आणि वरंध घाट करायचाय. वाघजाईच्या देवळापाशी मिळणाऱ्या भज्यांसाठी म्हणा हवं तर. पावसाळ्यात तिथे जड गाड्यांना बंदी होते, त्यामुळे मेच्या आत टाक्या व्हायला हव्यात. शाफ्ट आणि चेसिसच्या बाजूपट्टीमध्ये मला 38 सेंटिमीटर रुंदी मिळतेय, उंची 30, त्यात सायलेन्सर उजवीकडून जातो. स्टीलची बनवून घ्यावी की प्लास्टिकची वेल्ड करून? सायलेन्सरजवळ प्लास्टिक नको वाटतंय. कोणी केलं असेल तर मापं टाका, फोटो खालून काढलेला हवा.