पोटॅशियमची वाट आणि गुजरीतलं कोंदण

गेल्या शनिवारी बारावीच्या अकरा मुलांना घेऊन गारगोटीहून कोल्हापूरला गेलो. शिवाजी विद्यापीठातल्या ओळखीच्या एक संशोधक ताई पेशीपटलातल्या पोटॅशियम चॅनलची, म्हणजे पोटॅशियमचे आयन (विद्युतभारित अणू) ज्यातून जातात त्या प्रथिनाच्या वाटेची, रचना पडद्यावर दाखवणार होत्या. स्टँडवरून केएमटीने, म्हणजे शहर बसने, गेलो. आवार मोठं आहे. विभाग कुठे आहे ते आधी विचारून ठेवा. आमचा अर्धा तास शोधण्यातच गेला.

दर वर्षी वर्गात मला अडवणारा प्रश्न मुलांनी तिथंही काढला. सोडियम तर पोटॅशियमपेक्षा लहान, मग पोटॅशियम जातो तिथून तो का जात नाही?

ताईंनी चॅनल फिरवून सगळ्यात अरुंद जागा समोर आणली. रॉडरिक मॅकिनन यांनी १९९८ मध्ये एका जिवाणूच्या चॅनलची ही रचना मांडली. २००३ च्या रसायनशास्त्राच्या नोबेलचे ते एक मानकरी. त्या चिंचोळ्या वाटेवर पोटॅशियमचे चार मुक्काम. आयन भोवतीचं पाणी सोडून आत शिरतो आणि प्रत्येक मुक्कामी भिंतीतले आठ ऑक्सिजन त्याला पाण्याइतकंच जवळ घेतात. पोटॅशियमची त्रिज्या १.३३ अँगस्ट्रॉम (एक अँगस्ट्रॉम म्हणजे मिलिमीटरचा एक कोटीवा भाग), सोडियमची ०.९५. सोडियमला ते ऑक्सिजन लांब पडतात, पाणी सोडण्याचा खर्च भरून निघत नाही, म्हणून तो बाहेरच राहतो.

माना डोलल्या, पण मुलांना समजलं याची मला खात्री वाटेना.

परतताना गुजरीत, म्हणजे सराफांच्या बाजारात, शिरलो, कारण माझ्या अंगठीतला खडा बदलून घेतल्यापासून हलत होता. कारागिराने भिंग लावून पाहिलं. "सर, खडा बारीक आहे. कोंदणाच्या कडा टेकतच नाहीत त्याला." मागून एक मुलगी पटकन म्हणाली, "म्हणजे हा सोडियम!" दुकानातच सगळ्यांनी अंगठी हातात घेऊन खडा हलवून पाहिला. पंधरा वर्षांच्या शिकवण्यात मला हे सुचलं नव्हतं.

एसटीत पुढचा प्रश्न आला: इतकं नीट धरल्यावर पोटॅशियम सुटतो कसा? वाटेत एका वेळी एकापेक्षा जास्त आयन असतात, सगळे धनभारित. मागून नवा आला की पुढच्याला रेटा बसतो. म्हणूनच काही चॅनलमधून सेकंदाला १० कोटींपर्यंत आयन जातात.

तुम्ही जाणार असाल तर प्रोटीन डेटा बँक या प्रथिनांच्या रचनांच्या ऑनलाइन संग्रहात याच चॅनलची १के४सी (1K4C) ही रचना आधी मोबाईलवर फिरवून बघा, ती मोफत आहे. आणि गुजरीसाठी तासभर राखून ठेवा.