परळातलं परडं : काम न्हाणीच्या छपरापर्यंत

सोळा इंची मातीच्या परळात, म्हणजे पसरट उथळ कुंडीत, खानापूरकडच्या जुन्या घराचं छोटंसं परडं (घरामागचं अंगण) उभं राहतंय. प्रमाण १:१२, म्हणजे खरा एक फूट इथे एक इंच. तुळशीवृंदावन एका मापाचं आणि विहीर दुसऱ्या मापाची झाली, तर काम कितीही सुबक असलं तरी डोळ्याला खटकतंच.

या टप्प्यात सगळ्यात जास्त वेळ कौलांनी खाल्ला. मंगळुरी कौल साधारण ४१ × २४ सें.मी. असतं, आपल्या मापात ३४ × २० मि.मी. पण वाळताना आणि भाजताना माती आखडते, म्हणून ३८ × २२ कापायचं, जाडी २ मि.मी. आपल्या मातीचा नेमका हिशेब हवा असेल तर आधी एक पट्टी भाजून मोजावी. पन्हळी विणायच्या सुईने दाबून उठतात. कौलं उन्हात ठेवू नयेत. कडा आधी वाळतात आणि वर उचलतात. दोन वर्तमानपत्रांमध्ये घालून वर फळी ठेवली की सपाट राहतात. थोडी जरी ओल राहिली तरी भट्टीत फुटतात. भाजायला देताना सगळी एका झाकणाच्या मडक्यात भरून द्यावीत, नाहीतर राखेत हरवतात.

न्हाणीच्या १४.५ × ११.५ सें.मी.च्या एकपाखी (एकाच बाजूच्या) उताराला आठ-आठच्या चार ओळी, म्हणजे ३२ कौलं लागतात. ४० करून ठेवावीत. रिपा (कौलांखालच्या आडव्या पट्ट्या) २७ मि.मी. अंतरावर, म्हणजे वरची ओळ खालच्या ओळीवर ७ मि.मी. चढते.

झोपाळ्याचा पाट सागवानी, १२.५ × ५ सें.मी., जाडी ३ मि.मी., जमिनीपासून ३.८ सें.मी. वर. इथे एक गोष्ट हमखास चुकते. माप बारापट लहान झालं की वजन १,७२८ पट कमी होतं, त्यामुळे कड्या ताणल्या जात नाहीत आणि पाट तिरका लोंबतो. पाटाखाली पितळी पट्टी चिकटवली की सरळ होतो. कड्याही पितळी तारेच्याच कराव्यात, लोखंडाचा गंज मातीत उतरतो. सागवान तेलकट असतं. जोडाची जागा घासून, थिनरने पुसून मगच फेविकॉल मरीन लावावं. साधा पांढरा फेविकॉल आपल्याकडच्या पावसात टिकत नाही.

परळात भरायच्या मातीचं मिश्रण दोन भाग तांबडी माती, एक भाग जाड वाळू, एक भाग गांडूळ खत. अथणी-गोकाककडची काळी माती इथे नको. ती भिजली की फुगते, सुकली की भेगाळते, आणि खांब कलतात. कुठल्याही लाकडी पायाचं टोक मातीला टेकू देऊ नये, ते तिथूनच पाणी ओढून कुजतं. पायात पितळी तार घालून ती ३ सें.मी. मातीत रोवावी आणि पाय खापरीच्या तुकड्यावर टेकवावा.

हिरवळीला दिवाळीच्या किल्ल्यावरचा हळीव चालत नाही, चार दिवस छान दिसतो, मग उंच वाढून लोळतो. जांभ्याच्या गडग्यावरचं शेवाळ पातळ सोलून बसवावं, झुडपांसाठी कुफिया आणि पायलिया ही बारीक पानांची झाडं. जेड सुंदर दिसतं, पण शेवाळाला लागणाऱ्या पाण्याने त्याची मुळं सडतात.

आता बंब आणि विहिरीची कप्पी राहिलीय. कप्पीसाठी २० मि.मी.ची दोन बटणं आणि मध्ये १४ मि.मी.चं एक, दोराला मेण चोळून घ्यायचं, म्हणजे त्याचे धागे सुटत नाहीत.