अकरा बिया घेवड्याच्या

या देशात घेवड्याचं बी माझ्या हातात दुसऱ्यांदा आलं. पहिल्यांदा आलं तेव्हा ते विमानतळावरच्या टेबलावर सोडून मला पुढं जावं लागलं होतं. परवा शनिवारी मात्र ते घरापर्यंत आलं. अकरा बिया. जुन्या लिफाफ्याचा कोपरा कापून केलेली पुडी, वर पेन्सिलीनं लिहिलेलं 'सेम', म्हणजे हिंदीत घेवडा. ओट्यावर पांढऱ्या ताटलीत ओतल्या, मोजल्या, परत मोजल्या. काळ्याभोर, गुळगुळीत, कडेला तो पांढरा डोळा. भाजी टाकायची राहिली आणि मी तिथंच उभी राहून रडले. म्हणून आज लिहायला बसले.

पहिल्या वेळचं आधी सांगते. जानेवारी २०१९. माहेरचा मुक्काम संपवून न्यूझीलंडला परत निघाले होते. कोल्हापुरात शुक्रवार पेठेतल्या आमच्या घरातून लेक निघाली की ओटी आलीच. तांदूळ, नारळ, सुपारी, ओल्या हळदीचं कांड आणि खण. आईनं खणाच्या घडीत एक पुरचुंडी सरकवली होती, परड्यातल्या घेवड्याच्या बियांची. मला बोलली नाही. ओटी पदरातून तशीच बॅगेत गेली. इथं उतरल्यावर, बी-बियाणं, रोपं, फळं बरोबर आहेत का, या प्रश्नापुढं मी 'नाही' अशी खूण केली आणि पुढं तपासणीत सगळं बाहेर आलं. न सांगता असलं काही आणलं की जागेवर ४०० डॉलर दंड. तो मी भरला.

मी लपवलं नव्हतं. तेव्हाही सांगितलं, आजही सांगते. ओटीतला नारळ आपल्या लेखी फळ राहत नाही. आईनं ओटीत काय घातलंय हे लेक उलगडून बघत बसत नाही. पण हे सगळं इंग्रजीत, रात्रभराच्या प्रवासानंतर, मागं रांग खोळंबलेली असताना सांगणं मला जमलं नाही. समोरचा माणूस चांगला होता. हातमोजे घालून त्यानं पुरचुंडीची गाठ सोडली, ती कापायला कात्री घेतली नाही. बिया ट्रेमध्ये पसरल्या. खण नीट झटकला, घडी घातली आणि दोन्ही हातांनी मला परत दिला. बाकी सगळं पिशवीत गेलं.

नियमावरचा राग फार दिवस टिकला नाही, त्याला कारण आमचे शेजारचे आजोबा. आम्ही हॅमिल्टनला राहतो, वायकाटोत. सगळा दुधाचा मुलूख. आजोबांच्या भावाची टे पुकेला किवीची बाग होती. २०१० च्या नोव्हेंबरमध्ये त्याच भागात पीएसए नावाचा जिवाणूचा रोग पहिल्यांदा सापडला. पिवळ्या गराच्या किवीची जी जात तेव्हा सगळीकडं लावलेली होती, तिला तो सोसवला नाही. खोडातून तांबडा चिकट रस गळायचा. लोकांनी वर्षानुवर्षं वाढवलेले वेल बुंध्यापर्यंत कापले आणि त्यावर नव्या जातीची कलमं बांधली. कुंपणाला टेकून आजोबा हे सांगत होते. भावाच्या बागेत दिवसभर करवत चालायची आणि संध्याकाळी कुणी कुणाशी बोलायचं नाही, एवढं सांगून तेही गप्प झाले. मला आपल्याकडची तेल्यानं गेलेली डाळिंबाची बाग आठवली. शेतकऱ्याचं तोंड सगळीकडं सारखंच उतरतं.

मग मी वाचत गेले. २०१५ च्या फेब्रुवारीत ऑकलंडच्या ग्रे लिन भागात सापळ्यात फळमाशीचा एक नर सापडला. क्वीन्सलँडची फळमाशी. त्यावरून सगळा भाग आखून घेतला, घरातलं फळ हद्दीबाहेर न्यायला बंदी, फळांच्या साली टाकायला वेगळे डबे, महिनोन् महिने तपासणी. एका माशीवरून सुरू झालं हे सगळं! आणि लोकांनी ते पाळलं. कुणी रस्त्यावर आलं, कुणी कुणाला फोन लावून सूट मागितली, असं कुठं वाचलं नाही.

आपल्याला हे नवीन आहे का? गाजर गवत आठवा. आयात गव्हाबरोबर आलं असं मानतात. १९५५ च्या सुमारास पुण्यात पहिल्यांदा नोंद झाली आणि आज शेताच्या बांधापासून शाळेच्या मैदानापर्यंत ते नाही अशी जागा नाही. माझ्या काकांना त्याच्या फुलोऱ्यात दरवर्षी दमा उठायचा. अमेरिकन लष्करी अळी २०१८ ला कर्नाटकात पहिल्यांदा दिसली आणि बघता बघता महाराष्ट्रातल्या मक्याच्या पोंग्यात शिरली. आपली जमीन मोठी, सीमा मोठी, आपण सोसत राहतो. इथं चारही बाजूंनी समुद्र आहे आणि बाहेरची कीड आत येऊ द्यायची नाही, हाच त्यांचा बांध.

म्हणून आमच्यातलंच कुणी मसाल्याच्या डब्यातून बी आणलं आणि कौतुकानं सांगायला लागलं की मला राहवत नाही. मागच्या वर्षी गणपतीत एकांनी सगळ्यांसमोर सांगितलं की दोडक्याचं बी मोज्यात घालून आणलं. 'कोण बघतंय!' मी तिथंच बोलले. आजोबांच्या भावाचं सांगितलं. परवानगी असलेल्या जातीचं बी तपासणीचं प्रमाणपत्र घेऊन आणता येतं, तसं आणा म्हटलं. सगळे गप्प. त्या घरानं आमच्याकडं येणं बंद केलंय. दंड बसला म्हणून ही कडवट झाली, असं त्यांचं म्हणणं माझ्या कानावर आलं. आरतीच्या वेळी बोलायला नको होतं, एवढं मानते. बोलले ते बरोबरच होतं.

बाहेरून येणं अवघड, म्हणून जे आत आहे त्याला इथं सोन्याची किंमत. आणि गंमत नव्हे, खरंच आदर वाटावा अशी गोष्ट ही की ते कुणी विकत नाही. महिन्यातून एका शनिवारी आमच्या भागातल्या हॉलमध्ये 'क्रॉप स्वॅप' असतो. टेबलं मांडायची, आपलं जास्तीचं ठेवायचं, हवं ते न्यायचं. पैसे नाहीत, हिशोब नाही. परवाचा सगळ्यात मोठा होता, कारण ऑक्टोबरच्या चौथ्या सोमवारी लेबर डे, आणि टोमॅटो तेव्हाच लावायचा हा इथला पिढ्यान् पिढ्यांचा रिवाज. त्याच्या आधी लावला तर गोठलेलं दहिवर झोडपतं. आपल्याकडं दिवाळीत शेतं निघतात, इथं दिवाळीत पेरणी. पहिली दोन वर्षं मी जूनमध्ये बी भिजवून बसायचे आणि ते कुजायचं.

मी मिरचीचं तरू आणि झेंडूचं बी नेलं होतं. तरू दहा मिनिटांत संपलं. एका गुजराती बाईंनी कढीपत्त्याच्या मुळाला फुटलेली दोन रोपं ओल्या कापडात गुंडाळून आणली होती. एक मला मिळालं. ते कुंडीतच वाढवायचं, मे महिन्यात घरात घ्यायचं, खिडकीशी.

रताळ्याचं बेणं घेऊन एक माओरी बाई येतात. आम्ही सगळे त्यांना 'फाएआ' म्हणतो, म्हणजे आई किंवा मावशी. कूमरा म्हणजे रताळं. त्यांच्या पूर्वजांनी ते पॅसिफिकच्या उबदार बेटांवरून होड्यांतून इथं आणलं आणि या थंड मातीत जगवलं. वाळू-खडी घालून जमीन गरम ठेवायची, पीक खड्ड्यांत साठवून थंडी काढायची. फाएआनं मला लावायचं शिकवलं: कोंबाचं मुळाकडचं टोक वाकवून मातीत आडवं दाबायचं, आणि ते उगवतीकडं. मी म्हटलं, आमच्याकडं आषाढी एकादशीला हेच खातात. तिनं विचारलं, आषाढ म्हणजे कधी? मी म्हटलं, जून-जुलै. ती म्हणाली, तेव्हाच आमचं मातारिकी. मातारिकी म्हणजे आपल्या कृत्तिका! ऐन थंडीत पहाटे त्या उगवल्या की माओरींचं नवं वर्ष. २०२२ पासून त्याची देशभर सुट्टी असते. त्या ठळक दिसल्या तर हंगाम उबदार, पुसट दिसल्या तर उशिरा पेरा. मी तिला मृगाचं सांगितलं, पंचांगात नक्षत्राचं वाहन बघतात, बेडूक की म्हैस की कोल्हा, हेही सांगितलं. तिनं ते वहीत लिहून घेतलं.

एक मात्र खटकलं. त्याच टेबलाशी एक तरुण बाई मला बी कसं धरायचं ते समजावून सांगत होत्या. वेलावरचं पहिलं चांगलं फळ राखायचं, पुरतं वाळू द्यायचं, लेबल लावायचं. प्रेमानं सांगत होत्या, पण जणू हे त्यांनीच शोधून काढलंय. माझी आजी बियाच्या काकडीला चिंधी बांधून ठेवायची, म्हणजे घरात कुणी चुकूनही तोडू नये. राखेत घोळलेलं बी गाडग्यात, तोंडाला शेणमातीचं लिंपण. मी त्यांना नगरकडच्या अकोले तालुक्यातल्या राहीबाई पोपेरेंचं सांगितलं. शाळेत न गेलेल्या आदिवासी बाईनं गावठी वाणांची बँक उभी केली आणि २०२० च्या पद्म पुरस्कारांत त्यांना पद्मश्री जाहीर झाली. पीकवाणांच्या संरक्षणाच्या आपल्या २००१ च्या कायद्यात शेतकऱ्याला बी राखायचा, परत पेरायचा, दुसऱ्याला द्यायचा हक्क लिहून दिलाय, हेही सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. कोल्हापुरात परड्याच्या भिंतीवरून बी देताना कुणी टेबल मांडत नव्हतं, तारीख ठरवत नव्हतं, हेही माझ्या तोंडावर आलं होतं.

पण ते बोलले नाही. कारण ती भिंत आता नाही, आणि परडंही नाही.

ऑगस्ट २०१९. कोल्हापुरात पंचगंगेला पूर. राजाराम बंधाऱ्यावरची पातळी मी इथं बसून तासातासाला बघत होते. ३९ ला इशारा, ४३ ला धोका, आणि आकडा ५५ फुटांच्या पुढं. आईला भावानं आधीच कागलला मावशीकडं हलवलं होतं. पाणी ओसरल्यावर घर धुतलं, गाळ काढला. माडीखालच्या कोनाड्यातली बियांची गाडगी चिखलानं भरली होती. दोडका, वाल, भेंडी, घेवडा, सगळं आंबून गेलेलं. विमानतळावर सोडलेली ती पुरचुंडी घरात राहिली असती, तरी कोनाड्यातच राहिली असती. हे मी स्वतःला किती वेळा सांगितलं असेल. पुढं भावानं परड्यात फरशी घालून गाडी लावायला जागा केली. त्याला बोल लावायचा मला हक्क नाही. गाळ त्यानं उपसला, मी पैसे पाठवले.

आईनं मात्र घेवडा सोडला नाही. चार घरी विचारलं, चारही घरी आता मंडईतनंच भाजी येते. शेवटी मावशीच्या बिस्किटाच्या जुन्या डब्यात मूठभर सापडला, आईनंच कधीतरी दिलेला. किडका, जुना. त्यातल्या दोन बिया उगवल्या. त्यावर आज तिचा गच्चीवरचा वेल आहे, पत्र्याच्या डब्यात.

शनिवारी मला ज्यांनी या बिया दिल्या त्या फिजीच्या आंटी. गिरमिटवाल्यांची, म्हणजे करारावर फिजीला नेलेल्या भारतीय मजुरांची चौथी पिढी, माझ्याशी त्यांच्या हिंदीत बोलतात. बी सासूकडून आलं, सासूला कुणी दिलं ते त्यांना ठाऊक नाही. पुडी देताना म्हणाल्या, फेब्रुवारीपर्यंत नुसता पाला येईल, घाबरून उपटू नको. दिवस लहान व्हायला लागले की फूल धरतंय. भिंतीच्या आडोशाला लाव, म्हणजे थंडी यायच्या आत शेंगा हाताला लागतील. मी म्हटलं, आमच्याकडं मृगाला टोचलेला घेवडाही दसरा झाल्यावरच फुलतो. त्या हसल्या आणि माझा हात धरून थोडा वेळ तशाच उभ्या राहिल्या.

रात्री आईला व्हिडिओ कॉल लावला. ताटली कॅमेऱ्यासमोर धरली. ती उठून आत गेली, डबी घेऊन आली, आणि तिची एक बी बोटांच्या चिमटीत धरून पडद्याजवळ आणली. चष्मा वर सारून दोन्ही बघत राहिली.

"ही काळी हाय. आपली तांबूस. पण डोळा तसाच हाय गं."

मग म्हणाली, "सगळ्या लावू नको. निम्म्या ठेव, एखादी पाखरानं नेली तर?"

"सहा भिजवते, पाच ठेवते."

"आणि त्या बाईला पहिल्या शेंगा दे. बी न्हवं, शेंगा. बी मागितलं तर बीपण दे."

"देते."

"मांडव घातलास?"

नव्हता घातला. आज सकाळी सहा बिया वाटीत पाण्यात टाकल्यात. आजोबांच्या मागच्या अंगणात बांबूचं बेट आहे, आठ बांबू घेऊन जा म्हणालेत. चहा झाला की निघते.