तुम्ही विचारलंत म्हणून: यतीवर माझा विश्वास आहे का?

घरी पहिल्यांदा येणारा माणूस पुस्तकांच्या कपाटासमोर उभा राहतो, तिसऱ्या फळीशी थबकतो आणि मग तो प्रश्न येतो. काही जण हसून विचारतात, काही जण घरातल्या एखाद्या आजाराची चौकशी करावी तसे आवाज उतरवून विचारतात: “तुमचा खरंच विश्वास आहे यावर?” यावर म्हणजे हिमालयातल्या यतीवर आणि उत्तर अमेरिकेतल्या बिगफूटवर ऊर्फ सॅसक्वॉचवर, दोन पायांवर चालतात म्हणून सांगितल्या जाणाऱ्या त्या केसाळ प्राण्यांवर. त्या फळीवर दुसरे काहीच नाही. गेली तीसेक वर्षे मी या प्रश्नाला प्रसंग पाहून उत्तर देत आले आहे. घाई असली की “नाही”, आणि समोरचा फारच शहाणपणा दाखवू लागला की “का नसावा?” दोन्ही उत्तरे खोटी आहेत, आणि ती देण्याचा मला आता कंटाळा आला आहे.

किमयेचा इतिहास वाचणाऱ्याला “मग सोनं झालं का?” असे कोणी विचारत नाही. माझ्याच वाट्याला ही उलटतपासणी का यावी, हे मला कळलेले नाही. ज्या प्राण्याचे एक हाड, एक दातसुद्धा कोणाच्या हाती लागलेला नाही, त्याच्यावर तीनशे पाने लिहायला बसलेला माणूस काय काय करतो, हे पाहण्यासाठी मी ही पुस्तके वाचते. तो ठसे मोजतो, केस तपासायला पाठवतो, साक्षीदारांच्या तोंडची हकिकत उतरवून घेतो, आणि हे करताना तो स्वतःच उघडा पडत जातो. ग्रोव्हर क्रान्ट्झ हे विद्यापीठात शिकवणारे मानवशास्त्रज्ञ. त्यांनी सॅसक्वॉचच्या ठशांवर आपली सारी प्रतिष्ठा पणाला लावली आणि सहकाऱ्यांचा उपहास आयुष्यभर सोसला. गिर्यारोहक राइनहोल्ड मेसनर यांना १९८६ मध्ये तिबेटात, दिवस मावळताना, काहीतरी दिसले. त्यानंतर कित्येक वर्षे त्याचा माग काढून ते ज्या निष्कर्षाला आले तो होता अस्वल. त्यामुळे यतीवाले नाराज झाले, आणि ज्यांनी ते अस्वलच असणार हे आधीपासून गृहीत धरले होते त्यांना त्यात नवे काही वाटले नाही. या माणसांविषयी वाचताना प्राणी आहे की नाही हा प्रश्न माझ्यासाठी कित्येक पाने बाजूला पडतो.

नावाचाच गोंधळ पाहा. १९२१ च्या एव्हरेस्ट मोहिमेत बर्फावर मोठे ठसे दिसले. मोहिमेचे प्रमुख हॉवर्ड-बरी यांना ते लांडग्याचे वाटले, पण हमालांनी वेगळे नाव सांगितले. कोलकात्याच्या ‘स्टेट्समन’मध्ये लिहिणाऱ्या हेन्री न्यूमन यांनी ते नाव इंग्रजीत आणताना त्याला किळसवाणा, ओंगळ अशा अर्थाचे विशेषण जोडले, आणि त्या चुकीच्या भाषांतरासह हा प्राणी जगभर गेला. आपण त्याहून गमतीचे केले. शेर्पा बोलीतला शब्द आपल्या कानांना ‘यती’ असा ऐकू आला आणि एका केसाळ जनावराला आपण संन्याशाच्या पंक्तीत नेऊन बसवले. छंदशास्त्रात यती म्हणजे चरणातला विराम. तो अर्थ मला जास्त जवळचा वाटतो, पण ते असो.

खरी गोष्ट सांगायची तर मला बारा वर्षांपूर्वीच्या एका संध्याकाळबद्दल लिहावे लागेल, आणि मी इतका वेळ ते टाळत होते.

एका वाचकमंडळाने मला या पुस्तकांवर बोलायला बोलावले होते. १९५१ मध्ये एरिक शिप्टन आणि मायकेल वॉर्ड या गिर्यारोहकांनी हिमालयातल्या मेनलुंग हिमनदीवर घेतलेली छायाचित्रे हा माझ्या भाषणाचा हुकमाचा पत्ता होता. एका छायाचित्रात बर्फात स्पष्ट उमटलेला एकच ठसा आहे; मापासाठी शेजारी आइस ॲक्स, म्हणजे गिर्यारोहकांची बर्फ फोडायची कुऱ्हाड, ठेवलेली आहे. ठसा सुमारे १३ इंच लांब, अंगठा आणि त्याच्या लगतचे बोट जाडजूड, बाकीची तीन बारकी. दुसऱ्या छायाचित्रात बर्फावरून दूर जाणारी पावलांची रांग आहे. मी ही दोन्ही एकाच स्लाइडवर शेजारी शेजारी बसवली होती आणि त्यांची उंची सारखी यावी म्हणून कडा स्वतः कातरल्या होत्या. आधी पाऊल, मग ती पावले टाकत निघून गेलेला कोणीतरी, असा त्या स्लाइडचा परिणाम होत असे. सभागृह शांत होई आणि त्या शांततेची मला सवय लागली होती.

त्या दिवशी मागच्या रांगेतून एक गृहस्थ उठले. अत्यंत नम्रपणे म्हणाले, “बाई, या रांगेतल्या पावलांना बोटं दिसत नाहीत, आणि आकारही वेगळा वाटतो. हा तोच प्राणी कशावरून?”

मी म्हणाले, “छायाचित्र दुरून घेतलेलं आहे. इतक्या अंतरावरून बोटं दिसायची कशी? शिप्टनसारख्या गिर्यारोहकावर शंका घेण्यापूर्वी आपण थोडं वाचन करावं, असं मी सुचवेन.”

लोक हसले. त्या गृहस्थांनी मान हलवली, हातातल्या वहीत काहीतरी टिपून घेतले आणि ते खाली बसले. मी पुढची स्लाइड लावली.

रात्री घरी एक संदर्भ पाहायचा म्हणून मी जॉन नेपियर यांचे १९७२ चे पुस्तक काढले. नेपियर हे वानरवर्गाचे अभ्यासक. ‘होमो हॅबिलिस’ या मानवी पूर्वजाचे नामकरण ज्या तिघांनी केले त्यांपैकी एक. त्यांच्या पुस्तकात स्वच्छ लिहिलेले आहे की पावलांच्या त्या रांगेचा आणि ठशाचा काही संबंध नाही. ती रांग बहुधा एखाद्या डोंगरी शेळीसारख्या जनावराची होती, आणि दोन्ही छायाचित्रे एकत्र राहिल्यामुळे पुढे सगळे त्यांना एकच समजू लागले. ही माहिती मला नवी असती तर मी आज हे लिहीत नसते. त्या परिच्छेदाच्या समासात पेन्सिलीची उभी रेघ होती, आणि रेघेशेजारी माझ्याच, वीसेक वर्षांपूर्वीच्या, जरा जास्त गोल अक्षरात लिहिलेले होते: “दोन चित्रे वेगळी! विसरू नये.”

मी विसरले होते, असे मला म्हणता आले असते. बराच काळ मी स्वतःशी तसे म्हटलेही. पण कातरलेल्या कडांचे काय? रांगेच्या चित्रात पाऊल नीट दिसेल असा भाग मी कापून टाकला होता. तो का कापला, याचे “उंची जुळत नव्हती” यापलीकडचे उत्तर मी त्या रात्री शोधले नाही.

त्या पेन्सिलवाल्या मुलीशी माझे तेव्हापासून भांडण चालू आहे. ती यती मानत होती. अगदी भाबडेपणाने, हिमालयात कोठेतरी तो असणारच अशा खात्रीने मानत होती. तरीही आपल्या श्रद्धेच्या विरुद्ध जाणाऱ्या ओळीवर तिने रेघ ओढली. भाषण देणारी मी मात्र कधीच मानेनाशी झाले होते, आणि रेघ पुसून स्लाइड बनवणारी मीच. मानणे आणि प्रामाणिकपणा यांचा संबंध लोक समजतात तसा सरळ नसावा, असे मला यावरून वाटू लागले. किंवा हेही मी माझ्या सोयीने रचते आहे. मुलगी प्रामाणिक होती म्हटले की निदान माझाच एक भाग वाचतो.

माझ्या बचावाला मी मोठमोठी माणसे उभी केली, हेही कबूल करते. ऑक्सफर्डचे आनुवंशिकीतज्ज्ञ ब्रायन साइक्स यांनी २०१४ मध्ये यतीचे म्हणून जपलेल्या केसांपैकी दोन नमुन्यांचा डीएनए प्राचीन ध्रुवीय अस्वलाशी जुळतो, असे जाहीर केले. इतरांनी तीच माहिती पुन्हा तपासली तेव्हा तो हिमालयातल्या तपकिरी अस्वलाचा निघाला. २०१७ मध्ये शार्लट लिंडक्विस्ट आणि सहकाऱ्यांनी यतीचे म्हणून सांगितले जाणारे नऊ नमुने तपासले: आठ अस्वले, एक कुत्रा. साइक्ससुद्धा चुकले, मग मी कोण, असे मी काही मित्रांना ऐकवले. त्यातला अप्पलपोटेपणा मला नंतर जाणवला. साइक्स यांनी आपली माहिती सर्वांसमोर उघडी ठेवली होती, म्हणूनच तिच्यातली चूक दुसऱ्यांना सापडली. मी पुढच्या तीन भाषणांत रांगेचे छायाचित्र गुपचूप काढून टाकले आणि का काढले ते कोणालाही सांगितले नाही. ते गृहस्थ पुन्हा कधी दिसले नाहीत. त्यांचे नाव विचारण्याचेही मला सुचले नव्हते.

आणि एवढे झाल्यावर विषय मिटला असता तर बरे झाले असते. पण यतीचे बहुतेक पुरावे मोडीत काढणाऱ्या नेपियरनासुद्धा तो आइस ॲक्सशेजारचा एकटा ठसा पटेल असा उलगडता आला नाही. वितळून पसरलेला ठसा, एकावर एक पडलेली अस्वलाची दोन पावले, शिप्टन यांच्या मिस्कील स्वभावाकडे बोट दाखवून त्यांनीच तो हाताने सजवला असावा हा संशय, सगळी स्पष्टीकरणे मी वाचली आहेत. अस्वल मला सर्वांत पटते. पटते, आणि तरी पुस्तक उघडले की मी आधी ते जाडजूड दुसरे बोट पाहते. त्या वेळी मला काय हवे असते ते मी अजून कोणाला सांगू शकलेले नाही, तुम्हालाही नाही.

तेव्हा पुढच्या खेपेला तुम्ही कपाटासमोरून चहाच्या कपासह विचारलेत, तर मी बहुधा “नाही” असेच म्हणेन. पुस्तक खाली काढून बसायची तयारी असेल, तर नेपियरपासून सुरुवात करू. समासात पेन्सिलीने लिहिलेले आहे, तेही वाचा.