पिंगुळीत एक दुपार

कुडाळला आलो की लोक सरळ मालवण गाठतात, आम्ही आज गाडी पिंगुळीला वळवली आणि तिथेच अडकलो. इथल्या ठाकर समाजाची चित्रकथी माहितीये का कुणाला? सुट्या चित्रांची पोथी असते, रामायण-महाभारतातला एखादा प्रसंग घ्यायचा, एकेक चित्र समोर धरायचं आणि हुडूक (हाताने वाजवायचं छोटं तालवाद्य), टाळ, वीणेच्या साथीने गात गात गोष्ट सांगायची. म्हणजे पडदा, प्रोजेक्टर, लाईट काही नाही, तरी थिएटर तयार! सावंतवाडी संस्थानाचा या कलेला आश्रय होता, देवळांमधून हे खेळ व्हायचे.

इथलेच चित्रकथी कलाकार परशुराम गंगावणेंनी, ज्यांना २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली, घरच्या गोठ्याचंच म्युझियम केलंय. कळसूत्री बाहुल्या, चामड्याच्या छायाबाहुल्या, जुनी चित्रं सगळं तिथं बघायला मिळतं. मला सगळ्यात भारी चामड्याच्या बाहुल्या वाटल्या, मागून उजेड पडला की कोरलेल्या भोकांमधून दागिने चमकतात बाकी अंग काळोखात राहतं, फोटोत ते येतच नाही राव. बीच उद्या पण तिथंच असणारे, घाई कसली. तळकोकणात येणार असाल तर अर्धा दिवस काढाच, आणि पोरांना नक्की न्या.